वास मे महिन्यात येतो, तपासणी मात्र ऑगस्टमध्ये होते

पेट्रोल पंपाच्या शेजारच्या विहिरीला वास येतोय अशी तक्रार आली की पुढचं सगळं जवळपास ठरलेलं असतं. तक्रार मे मध्ये होते, कागद इकडून तिकडे फिरण्यात जून-जुलै जातात, बोअरची गाडी ऑगस्टमध्ये येते, पंपाच्या आवारातच तीन बोअर मारतात, पाणी काढून लॅबला देतात आणि रिपोर्ट येतो, "आढळले नाही". फाइल बंद. पुढच्या मे मध्ये परत वास. मी भूजलाचं काम करते, त्यातलं बरंचसं जमिनीखालच्या इंधनाच्या टाक्यांच्या आसपासचं, आणि हा प्रकार इतक्या ठिकाणी बघितलाय की आता खरंच राग येतो. म्हणून एकदा नीट लिहून काढतेय, ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्यासाठी, पंपवाल्यांसाठी, आणि जी पोरं नुकतीच या कामात आलीयेत त्यांच्यासाठी पण.

आधी ऑगस्टचं सांगते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, डिझेलही, त्यामुळे गळालं की मातीतून, मुरमातून खाली झिरपतं आणि भूजलाच्या पातळीला पोचलं की तिथे अडतं, खाली बुडत नाही. आता आपल्या पठारावर ही पातळी वर्षभर एका जागी कुठे असते, पावसाळ्यानंतर काठोकाठ आलेली विहीर मे मध्ये तळाला जाते, कित्येक मीटरचा फरक पडतो. पातळी उतरते तसं तरंगणारं पेट्रोलही उतरतं आणि उतरताना वाटेतली सगळी माती, दगडाच्या सगळ्या फटी माखून ठेवतं. मग पाऊस पडतो, पाणी वर चढतं, आणि ते माखलेलं पेट्रोल पाण्याखाली थेंबाथेंबाने फटीत कोंडलं जातं, हलत नाही, विहिरीत येत नाही. वरून ताजं पावसाचं पाणी मिसळून जे काही विरघळलंय तेही पातळ होतं. अशा वेळी तुम्ही पाणी काढलंत तर ते बऱ्यापैकी स्वच्छ येणारच. उन्हाळ्यात पातळी परत उतरली की कोंडलेलं मोकळं होतं आणि विहिरीत, बोअरमध्ये गोळा व्हायला लागतं. म्हणजे ऑगस्टचा रिपोर्ट खोटा असतो असं नाही, तो ऑगस्टपुरता खरा असतो, पण त्याच्या जोरावर कुणाला "तुमच्या पाण्यात काही नाही" असं सांगणं चूक आहे. त्याच जागी मे मध्ये परत नमुना घेतल्याशिवाय असं लेखी द्यायचं नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय.

बरं, गळती पंपवाल्याला कळत नाही का? हा प्रश्न सगळे विचारतात, आणि विचारताना मनात धरलेलं असतं की तो लपवतोय. कधी लपवतही असेल, पण बऱ्याचदा त्याला खरंच कळलेलं नसतं. हिशोब करून बघा. सेकंदाला एक थेंब गळतोय असं धरलं तर दिवसाला साधारण चार-सव्वाचार लिटर होतात, वर्षाला दीड हजार लिटर. पंपावर रोज डिपरॉड, म्हणजे खुणा केलेली लांब काठी, टाकीत टाकून साठा मोजतात, विक्रीशी ताळा घालतात, पण पेट्रोल उन्हाने फुगतं, थंडीने आकसतं, टँकर खाली करताना थोडं उडून जातं, त्यामुळे थोडी घट-वाढ रोजचीच असते आणि चार लिटर त्यात कुठे दिसणार. अमेरिकेत टाक्यांचे नियम १९८८ साली आले, त्यात साठ्याच्या हिशोबावरून गळती ओळखायची जी मर्यादा आहे ती महिन्याच्या उलाढालीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन अशी आहे. महिन्याला दोन लाख लिटर विकणाऱ्या पंपाला ती लावून बघा, २,००० लिटर अधिक जवळपास ४९०, म्हणजे अडीच हजार लिटरच्या आतली तफावत वहीत गळती म्हणून दिसतच नाही! म्हणून नुसत्या हिशोबावर तिथेही भागवत नाहीत, टाकीची आणि पाइपची दाबाने वगैरे वेगळी चाचणी करायला लावतात.

पण त्याच रजिस्टरमध्ये एक गोष्ट असते जी फार कमी लोक बघतात. टाकीच्या तळाला पाणी आलंय का ते बघायला रॉडच्या टोकाला एक पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो, आणि ते रीडिंगही लिहून ठेवतात. आता टाकीला भोक असेल आणि पावसाळ्यात भूजल टाकीच्या वर आलं असेल तर पेट्रोल बाहेर जाण्याऐवजी पाणी आत येतं. म्हणजे एकाच भोकातून उन्हाळ्यात घट आणि पावसाळ्यात टाकीत पाणी. दोन-तीन वर्षांची रजिस्टरं शेजारी ठेवून पाण्याचे आकडे महिन्याप्रमाणे मांडले तर बऱ्याचदा उत्तर समोरच असतं, एक फूटही बोअर न मारता. (पाणी फिलिंग पॉइंटच्या ढिल्या झाकणातूनही जातं, तेही बघायला लागतं.) आणि टाकीकडे बघताना पाइप विसरायचे नाहीत, कारण गळती टाकीच्या पोटाला असण्यापेक्षा टाकीपासून पेट्रोल भरायच्या मशीनपर्यंत गेलेल्या पाइपच्या सांध्याला, मशीनच्या खाली, नाहीतर टँकर खाली करायच्या तोंडाशी सापडते. टाकीच्या आतच पंप बसवून दाबाने इंधन पाठवायची व्यवस्था असेल तर सांधा गेल्यावर माल जोरात बाहेर फेकला जातो, ते जास्त वाईट.

आता खडक. पुस्तकातली चित्रं बघून आलेली माणसं इथे फसतात. चित्रात टाकीखाली वाळू असते आणि त्यात प्रदूषणाचा एक छान लांबट पट्टा एका दिशेने गेलेला असतो. आपल्या खाली वाळू नाही, महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग काळ्या दगडाचा आहे, लाव्हाचे थरावर थर. वर काही फूट काळी माती, मग मुरूम, मग फुटका दगड, मग अखंड पाषाण, मधे कुठे भोकाभोकांचा सच्छिद्र थर, कुठे दोन थरांच्या मधे लाल मातीची पट्टी. पाणी या सगळ्यातून सारखं जात नाही, ते भेगांतून जातं. एक बोअर भेगेला लागला तर धो धो पाणी, दहा फुटांवरचा कोरडा, हे तर गावात पोराटोरांनाही माहीत असतं, तरी पेट्रोल शोधताना मात्र आपण तीन बोअर मारून निकाल देतो. पंपाच्या आवारातले तिन्ही बोअर अखंड दगडात गेले तर ते स्वच्छच येणार, आणि त्यांच्या मधल्या एका भेगेतून माल निघून ओढ्यापलीकडच्या विहिरीत पोचलेला असणार.

त्यातून बोअर मारायची पद्धत. आपल्याकडे सहज मिळते ती हॅमरची गाडी, कॉम्प्रेसरच्या हवेने चुरा वर फेकणारी. पेट्रोलचे जे घटक आपल्याला शोधायचेत ते उडून जाणारे, आणि आपण त्यांच्यावर प्रचंड दाबाची हवा सोडतो, वर त्या हवेत कॉम्प्रेसरचं ऑइल. म्हणजे खरं होतं ते उडालं आणि नव्हतं ते मिसळलं. पर्याय नसेल तर गाडी वापरावी, मीही वापरते, पण मग बोअर झाल्यावर त्याला स्थिरावू द्यावं, पाणी उपसून काढावं, आणि नंतर सावकाश नमुना घ्यावा, त्याच दिवशी संध्याकाळी बाटली भरून मोकळं व्हायचं नाही.

काळा दगड किती फसवतो याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण हवाईतलं रेड हिल. ओआहू बेटावर पर्ल हार्बरजवळच्या डोंगराच्या पोटात अमेरिकन नौदलाने १९४० ते १९४३ मध्ये २० टाक्या बांधल्या, एकेक टाकी सुमारे २५० फूट उंच, १०० फूट व्यासाची, एकीत जवळपास पावणेपाच कोटी लिटर मावेल एवढी. आणि खाली साधारण १०० फुटांवर होनोलुलूला पाणी पुरवणारा भूजलाचा साठा. डोंगर सगळा बेसाल्टचा, म्हणजे आपल्यासारख्याच काळ्या दगडाचा. जानेवारी २०१४ मध्ये ५ नंबरच्या टाकीतून सुमारे २७,००० गॅलन, म्हणजे लाखभर लिटर इंधन गेलं, त्यानंतर वर्षानुवर्षं अभ्यास, बोअर, मॉडेल, आणि पाणी नेमकं कुठल्या दिशेने वाहतं यावरच वाद. मग मे २०२१ मध्ये चुकीच्या हाताळणीमुळे सुमारे २०,००० गॅलन सांडलं आणि त्यातलं बहुतेक आग विझवायच्या यंत्रणेच्या ड्रेन पाइपमध्ये जाऊन बसलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. २० नोव्हेंबरला एका छोट्या गाडीची धडक बसून तो पाइप फुटला, आणि आठवड्याभरात नौदलाच्या वसाहतीत लोक सांगायला लागले की नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येतोय, अंगावर पुरळ येतंय, पोटात मळमळतंय. सुरुवातीला त्यांना सांगितलं गेलं की पाणी ठीक आहे. त्या पाणीयोजनेवर सुमारे ९३,००० माणसं होती. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने शेजारची आपली हलावा विहीर खबरदारी म्हणून बंद केली, आणि मार्च २०२२ मध्ये टाक्या कायमच्या बंद करायचा निर्णय झाला.

मला यात सगळ्यात जास्त काय लागलं, तर मे ते नोव्हेंबर एवढं इंधन हिशोबातून गायब होतं आणि कुणी त्याच्या मागे लागलं नाही. एवढी साधनं, एवढा पैसा, एवढे शास्त्रज्ञ असून शेवटी गळती कळली ती घरातल्या माणसांच्या नाकाला. हवाईचा दगड आपल्यापेक्षा खूप तरुण आणि पाणी झपाझप वाहू देणारा, आपला साडेसहा कोटी वर्षांचा, झिजलेला, भेगा मातीने भरलेला, त्यामुळे आकडे इकडचे तिकडे लावता येत नाहीत. पण वास येतोय म्हणणाऱ्या माणसाला आधी खरं मानायचं आणि मग तपासायचं, हे दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

पुणे जिल्ह्यातल्या एका गावातली विहीर सांगते. हायवेला पंप, पंपाच्या मागे उतार, उताराला ओढा, आणि ओढ्याच्या अलीकडे ही विहीर. आधीच्या वर्षी पावसाळ्यात एका एजन्सीने आवारात बोअर मारून सगळं ठीक असल्याचं लिहून दिलेलं. मी गेले ती मे मध्ये, मुद्दाम. विहिरीच्या मालकीणबाई, सगळे त्यांना काकूच म्हणतात, त्या म्हणाल्या, "ताई, उन्हाळा लागला की म्हशी तोंड घालंनात बघा पाण्याला, हुंगत्यात अन् मागं सरत्यात. पाऊस झाला की मग पित्यात." हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं, कारण वर जे पातळीचं सगळं सांगितलं ते या बाईंनी म्हशींवरून आधीच ओळखलं होतं.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता. पण तवंग दिसला म्हणजे पेट्रोल असं लगेच म्हणायचं नसतं. लोखंड खाणारे जिवाणू असतात, त्यांचाही तसाच चमकदार पापुद्रा येतो. एक काडी घ्यायची आणि तवंगात फिरवायची, जिवाणूंचा पापुद्रा असेल तर काचेसारखे तुकडे होऊन वेगळे पडतात आणि तसेच राहतात, तेल असेल तर काडी काढल्याबरोबर परत जुळून येतं. इथे जुळून आलं. मग दुसरी शंका, विहिरीवर पूर्वी ऑइल इंजिन होतं का? असतंच कित्येक ठिकाणी, आणि त्याचं डिझेल वर्षानुवर्षं विहिरीच्या काठावरून मुरलेलं असतं. सबमर्सिबल मोटरमधलं ऑइल गळूनही तवंग येतो. काकूंकडे इंजिन कधीच नव्हतं, मोटर वर काढून बघितली तर तीही ठीक. आसपास गॅरेज, वीटभट्टी, कुठे रॉकेलचा जुना डेपो, हेही विचारून घेतलं. आपण आधीच ठरवून गेलो की पंपच दोषी, तर तो पंपमालकावर अन्याय आहे, आणि खरा सोर्स चालूच राहतो.

मग आजूबाजूच्या सगळ्या विहिरी आणि बोअर नकाशावर घेतल्या, पातळ्या मोजल्या. दिवसा मोजलेल्या पातळ्यांवरून पाणी ओढ्याच्या खालच्या अंगाला, विहिरीला बाजूला टाकून जातंय असं दिसत होतं, म्हणजे आधीच्या एजन्सीचं म्हणणं वरवर बरोबर. पण शेतीची थ्री फेज त्या आठवड्यात रात्रीची होती! रात्री सगळ्या मोटरी एकदम चालू, आणि त्यात काकूंच्या शेजारचा एक खोल बोअर असा ओढणारा की दोन-तीन तासांत पातळ्यांचं चित्रच बदललं, उतार पंपाकडून थेट विहिरीकडे. दिवसा झोपलेलं गाव मोजून काय कळणार, मोटरी चालतात तेव्हा मोजायला हवं, मग रात्री टॉर्च घेऊन बांधावरून फिरावं लागलं तरी.

पंप आणि विहीर यांच्या मधे रस्त्याकडेला एक सोडून दिलेला बोअर होता, तोंडावर एक दगड ठेवलेला. आपल्याकडच्या बोअरला केसिंग, म्हणजे आतून बसवलेला पाइप, फक्त वरचे काही फूट, दगड लागेपर्यंत, खाली सगळा उघडा, त्यामुळे असा सोडलेला बोअर म्हणजे वरच्या घाणीला खालच्या पाण्यात जायला सरळ वाट. त्यात इंटरफेस प्रोब सोडला. या यंत्राची टेप असते, टोक पाण्याला लागलं की बीप तुटक वाजतो आणि तेलाला लागलं की सलग. सलग वाजला, आणि चांगला बोटभर जाडीचा थर पार होईपर्यंत वाजत राहिला. सोबत पंपमालक उभे होते, ते काही न बोलता ऑफिसमध्ये गेले आणि जुनी रजिस्टरं घेऊन आले. मशीनच्या खाली खणल्यावर पेट्रोलच्या लाइनचा एक सांधा ओला सापडला, भोवतीची वाळू पिशवीत बांधून वाफ मोजली तर मीटरचा काटा खालीच येईना. टाकी चांगली होती.

नमुन्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळं काम मातीमोल होतं. लोक पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत अर्धं पाणी भरून आणतात, त्याचा काही उपयोग नाही, बेंझीन, म्हणजे पेट्रोलमधला चटकन उडणारा एक विषारी घटक, वरच्या हवेत जातं, प्लास्टिकमध्ये मुरतं. त्यासाठी ४० मिलिलिटरची काचेची छोटी शिशी असते, झाकणाला आतून टेफ्लॉन, पाण्यात थोडं अ‍ॅसिड म्हणजे वाटेत जिवाणू खाणार नाहीत. शिशी तिरपी धरून हळू भरायची, खळखळाट करायचा नाही, तोंडाच्या वर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत भरायची आणि मग झाकण लावायचं. उलटी करून टिचकी मारायची. बुडबुडा वर गेला तर ती शिशी टाकून नवीन भरायची. मग बर्फात, आणि १४ दिवसांच्या आत लॅबमध्ये तपासणी.

एवढा आटापिटा कशासाठी, तर बेंझीनसाठी. त्याने रक्ताचा कॅन्सर होतो हे पक्कं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, अमेरिकेत त्याच्या निम्मी. आपल्या आत्ताच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का असतं, तरीही अशा पेट्रोलला टेकलेल्या पाण्यात लिटरमागे १८ मिलिग्रॅमच्या आसपास बेंझीन उतरू शकतं, म्हणजे मर्यादेच्या १,८०० पट. आणि बेंझीनची चव किंवा वास कळायला पाण्यात ते मर्यादेच्या पन्नास-शंभर पटींहून जास्त असावं लागतं, म्हणून "आता वास येत नाही, वापरायला हरकत नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. इथेनॉलने यात नवीन भर घातलीय. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, मातीतले जिवाणू आधी ते खातात कारण ते सोपं, त्यात पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि बेंझीन मागे राहून जास्त लांब जातं. यावर आपल्या दगडात मोजमाप व्हायला हवं, तातडीने.

नवीन पंपांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये शाळा, दवाखाने, वस्ती यांच्यापासून ५० मीटरचं अंतर सांगितलं, ते चांगलंच आहे. पण पाण्याच्या बाबतीत काळ्या दगडात ५० मीटर म्हणजे काहीच नाही. माझं मत असं की पंप सुरू व्हायच्या आधी आसपासच्या प्रत्येक विहिरीचं पाणी एकदा मे मध्ये तपासून कागद ग्रामपंचायतीत ठेवावा, टाकीच्या खड्ड्यात वाळूतच एक निरीक्षण नळी सोडावी, आणि तिची रीडिंग शेजाऱ्यांना मागितली की मिळावीत. खर्च टाकीच्या खर्चापुढे किरकोळ आहे. आणि मग वाद झालाच तर पंपवालाही सुरक्षित राहतो, कारण आधी पाणी कसं होतं ते लेखी असतं.

काकूंच्या विहिरीचं म्हणाल तर लाइन बदलली, खणून माती काढली, मधल्या बोअरमधून तेल उपसणं चालू आहे. भेगांतलं मात्र इतक्या सहज निघत नाही, त्याला वर्षं लागतात, आणि तोवर त्यांना पिण्याचं पाणी दुसरीकडून येतंय, ते पंपमालकाने मान्य केलंय.

तुमच्या विहिरीला असा वास असेल तर आधी पिणं, आंघोळ, स्वयंपाक बंद. उकळून प्यायचं नाही, उकळलं की तेच स्वयंपाकघराच्या हवेत येतं. ब्लीचिंग पावडर टाकून काही होत नाही. काठावर विडी-सिगारेट नको, इंजिन चालू करायचं नाही, आणि गाळ काढायला वगैरे माणूस खाली उतरवायचा नाही, वाफ जड असते, विहिरीच्या तळाशी साठते, माणूस वर येत नाही. तक्रार तोंडी नको, लेखी द्या, तहसीलदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला, एक प्रत पंपाला, पोच घ्या. एका वहीत तारीख, पाण्याची पातळी, वास, तवंग, जनावरं पितायत का नाही, हे लिहीत जा. आणि तपासणीवाले पावसाळ्यात आले तर येऊ द्या, पण त्यांच्याकडून मे महिन्यातली दुसरी तपासणी त्याच कागदावर लिहून घ्या.